काकांची थ्री-नॉट-थ्री

काकांनी मृत्युपत्रात माझ्या नावे एक रायफल ठेवली आहे, हे फोनवर सांगितल्यावर पुण्याहून आईचा पहिला प्रश्न आला, "कशाला?" प्रश्न रास्त होता. आमच्या घराण्यात धारदार वस्तू म्हणजे विळी, आणि शौर्य म्हणजे भर पावसात भाजी आणणं. खुद्द काकांच्या मुलाने, माझ्या चुलतभावाने, ती रायफल साफ नाकारली होती. त्याची दोन मुलं शाळेत जातात. शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या ऐकत वाढलेल्या त्या अमेरिकन बापाला घरात बंदूक नको होती, यात त्याचं काही चुकलं नाही.

मग काकांनी ती घेतली तरी का? तर त्याचं मूळ खडकीत आहे. माझे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ साली सुरू झालेल्या या कारखान्यात पॉइंट थ्री-नॉट-थ्रीची काडतुसं बनत, आणि आजोबा ती तपासत. काडतुसाच्या बुडावर इंग्रजीत 'के एफ' अशी अक्षरं असत, म्हणजे किर्की फॅक्टरी. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने जुन्या लष्करी बंदुकांची आयात बंद झाली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यात संग्राह्य वस्तू म्हणून ती पुन्हा खुली झाली आणि भारतीय लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली इथल्या दुकानांत आल्या. ओहायोतल्या अशाच एका दुकानात काकांना काउंटरवर ठेवलेलं 'के एफ' काडतूस दिसलं. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक शिकारी आहे. काकांना त्या काडतुसात आपले वडील दिसत होते! काडतूस घ्यायला गेलेले काका रायफलही घेऊन आले. ती त्यांनी एकदाही झाडली नाही. तीस वर्षं ती बेसमेंटमध्ये ग्रीससकट गुंडाळून पडली होती.

कॉलेजात एन.सी.सी.च्या परेडला मी हीच रायफल खांद्यावर घेऊन उन्हात उभा राहिलो आहे. त्यावर 'डी.पी.' लिहिलेलं असे, म्हणजे फक्त कवायतीसाठी. आपल्यापैकी अनेकांनी ती बँकेच्या दारात वॉचमनच्या खांद्यालाही पाहिली असेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात एके-४७ समोर काही पोलिसांच्या हातात होती ती हीच. तिचं पूर्ण नाव शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, मार्क थ्री. यातला ली म्हणजे जेम्स पॅरिस ली: १८३१ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला, कॅनडात वाढला आणि अमेरिकेत येऊन स्थायिक झाला. म्हणजे आपल्यासारखाच स्थलांतरित! बोल्ट आणि काडतुसांची पेटी त्याची, नळीच्या आतले पाच आटे लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचे. (या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीने तेच नाव घेतलं आणि पुढे मोटारसायकली काढल्या. आपली बुलेट ती हीच.)

काकांच्या रायफलीवर मुकुटाखाली 'एनफिल्ड १९१२' असा ठसा आहे. मी सॉफ्टवेअरवाला; जुनी प्रणाली दिसली की मूळ आवृत्तीवर न्यावी असं वाटायचंच. ठरवलं, हिला १९१२ सारखी करायची.

ग्रीस काढायला दोन शनिवार-रविवार गेले. नळीत उकळतं पाणी ओतून धुवावी लागते, कारण जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार पाण्यातच विरघळतात, तेलात नाही. बायकोने मोठं पातेलं द्यायला नकार दिला, मी नवं आणलं. मग लाकडाकडे वळलो आणि तिथे घोडचूक केली. दस्ता काळाकुट्ट झाला होता. उत्साहाच्या भरात पॉलिश पेपर घेऊन घासला, जवसाचं तेल चोळलं. काय सुंदर दिसू लागला! पण काही दिवसांनी घासण्याआधीचे फोटो मोठे करून पाहिले तेव्हा दस्त्याच्या बाजूला पुसट अक्षरांची एक ओळ दिसली. कदाचित पलटणीचा शिक्का असेल, कदाचित डेपोतल्या तपासनिसाचा. लाकडावर आता काहीच उरलं नव्हतं. शंभर वर्षं टिकलेला मजकूर मी एका दुपारीत पुसला.

त्यानंतर सुट्या भागांच्या शोधाला लागलो. काय काय नव्हतं ते पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की यातलं काहीही हरवलेलं नाही, सगळं मुद्दाम काढलेलं आहे. १९१२ च्या रायफलीला 'कट-ऑफ' नावाची एक पोलादी पट्टी असे. ती आत सरकवली की पेटीतली दहा काडतुसं राखीव राहत आणि शिपायाला एकेक गोळी हाताने भरून झाडावी लागे. शिपाई गोळ्या उधळतील ही वरिष्ठांची धास्ती! डाव्या बाजूला आणखी एक तबकडी आणि काटा असे, दूरवरच्या जमावावर सगळ्या पलटणीने एकदम गोळ्यांचा वर्षाव करण्यासाठी. त्यावर २,८०० यार्डांपर्यंतचे आकडे. पहिलं महायुद्ध खंदकांत अडकलं, लाखो रायफली तातडीने हव्या झाल्या, आणि १९१६ मध्ये हे सगळं वगळून 'मार्क थ्री स्टार' ही सुटसुटीत आवृत्ती आली. जुन्या रायफलीही दुरुस्तीला आल्या की त्यांचे हे भाग निघत. म्हणून आज ते दुर्मिळ.

त्याच १९१६ च्या २९ एप्रिलला मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत-अल-अमारा इथे सुमारे १३,००० सैनिकांनी तुर्कांपुढे शरणागती पत्करली. ती फौज सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिन्यांचा वेढा, उपासमार, आणि पुढे कैदेत वाळवंटातली पायपीट, ज्यात कितीतरी जण गेले. सातारा-रत्नागिरीच्या घरांतून गेलेली ही माणसं. युरोपातल्या खंदकांची माहिती आपल्या मुलांना शाळेत मिळते, कुतचं नाव त्यांच्या कानावरही पडत नाही.

कट-ऑफ मला एका गन शोमध्ये कॉफीच्या डब्यात, गंजक्या स्क्रूंच्या ढिगात सापडला. म्हाताऱ्या विक्रेत्याने किंमत सांगण्याआधी तो कशाचा भाग आहे हे मलाच विचारलं. मी खरं सांगितलं आणि भाव वाढला. तबकडी मिळायला सव्वा वर्ष लागलं. आणि शोधता शोधता एका विक्रेत्याकडे पितळी बिल्ला दिसला. दस्त्याच्या उजव्या बाजूला असा गोल बिल्ला असे, त्यावर पलटणीचं नाव. त्यावर कोरलं होतं: ११० मराठा. मी दुसऱ्या कशाचाही विचार न करता पैसे भरले. आला तेव्हा अक्षरांच्या कडा इतक्या तीक्ष्ण की बोटाला टोचत होत्या. शंभर वर्षं हाताळलेलं पितळ असं नसतं. नवा होता.

तरीही तो बसवावा असं मला वाटलं, हे कबूल करतो. दस्ता तर कोरा झालाच होता. दिवाणखान्यात येणाऱ्या पाहुण्यांना सांगायला केवढी गोष्ट मिळाली असती!

मला थांबवलं ते एका स्क्रूने. तबकडी बसवायला नळीखालच्या लांब लाकडात खाच लागते. रायफलीचं मूळ लाकूड भारतात कधीतरी बदललं गेलं आहे आणि नव्याला ती खाच नाही. म्हणजे हे लाकूड कापा, नाहीतर फेकून दुसरं शोधा. या लाकडात मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू आरपार गेलेला आहे. संग्राहक त्याला इशापूर स्क्रू म्हणतात. कोलकात्याजवळच्या इशापूरच्या रायफल कारखान्याची ही जुगाडू मजबुती. बाहेरचे लोक त्यामुळे रायफलीची किंमत कमी धरतात. माझ्या लाकडाला मागच्या बाजूने चीर गेली होती आणि त्या स्क्रूनेच ते धरून ठेवलं होतं. इंग्लंडने दुसऱ्या महायुद्धात नवा नमुना स्वीकारला तरी इशापूरला मार्क थ्रीच बनत राहिली, आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथेच तिची ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती निघाली. हिला १९१२ ला न्यायचं म्हणजे हा सगळा काळ खरवडून काढायचा. एकदा खरवडून झालं होतं माझं.

तेव्हा चीर एपॉक्सीने बुजवली, स्क्रू साफ करून पुन्हा तिथेच बसवला. कट-ऑफ मात्र लावला. त्याची खाच पोलादात तशीच रिकामी होती, काही कापावं लागलं नाही. बंदूक दुरुस्त करणाऱ्याने गेज लावून बोल्ट सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिल्यावर रेंजवर जाऊन नव्या काडतुसांच्या पाच गोळ्या झाडल्या. खांदा चार दिवस दुखत होता.

चुलतभाऊ दिवाळीला आला तेव्हा मी रायफल दाखवली. त्याने ती हातात घेतली नाही, पण 'के एफ'चं काडतूस मात्र बराच वेळ बोटांत फिरवत बसला आणि आजोबा तिथे नक्की काय तपासत असत ते विचारलं. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. काडतूस त्याला देऊन टाकलं. रायफल बोल्टशिवाय कपाटात कुलपात असते. बोल्ट वेगळ्या तिजोरीत, आणि तिचा आकडा फक्त बायकोला माहीत आहे. ती घरात रायफल येऊ देण्याची तिची अट होती. तबकडी आणि बिल्ला माझ्या टेबलाच्या खणात आहेत. बिल्ल्यासोबत चिठ्ठी ठेवली आहे, "हा खोटा आहे."