त्यांच्या संपात आमची प्रॉक्सी

१४ मार्च २०२३ला महाराष्ट्रातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत बेमुदत संपावर गेले. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची. त्यामुळे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता देणारी जुनी पेन्शन तिला लागू नाही. तिच्या पगारातून कापलेले पैसे बाजारात गुंतवले जातात. हाती किती पडणार, ते तेव्हा बाजार ठरवणार होता. ती मोर्चाला गेली.

त्याच दिवशी आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला, ‘आम्हाला कुठे आहे पेन्शन? मग आमच्या टॅक्समधून यांना का?’ मी त्यावर अंगठा टाकला आणि कामाला लागलो.

दोनच दिवसांनी, १६ मार्चला, फ्रान्सच्या पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांनी निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारा कायदा लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहात मतदान न घेताच पुढे रेटला. पॅरिसमध्ये सफाई कामगारांचा संप चालू होता, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग होते. या लोकांना एवढा राग का येतो, म्हणून वाचायला घेतलं आणि १९९५ सालापर्यंत मागे गेलो.

खरं तर गोष्ट त्याच्याही दोन वर्षं आधी सुरू होते. फ्रान्समध्ये आज कमावणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांची पेन्शन दिली जाते. लोक जास्त जगू लागले की हे गणित ताणलं जातं, हे खोटं नाही. १९९३मध्ये पंतप्रधान एदुआर बालादूर यांनी खासगी नोकरदारांसाठी नियम बदलले. पूर्ण पेन्शनसाठी साडेसदतीस वर्षांऐवजी टप्प्याटप्प्याने ४० वर्षं वर्गणी भरायची. पेन्शन ठरवताना सर्वात चांगल्या १० वर्षांच्या पगाराऐवजी हळूहळू २५ वर्षांची सरासरी धरायची. सरकारी आदेश निघाले ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो. फारसा आवाज झाला नाही.

मग १५ नोव्हेंबर १९९५ला नवे पंतप्रधान आलँ ज्युपे यांनी संसदेत आपली योजना मांडली. आरोग्य विम्याचा खर्च आवरायचा, सरकारी नोकरांनाही ४० वर्षं लावायची आणि रेल्वे-मेट्रोवाल्यांच्या खास पेन्शन योजनांना हात घालायचा. रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर तेव्हा पन्नाशीत निवृत्त होऊ शकत असे. युक्तिवाद आमच्या ग्रुपवरच्या मेसेजसारखाच होता : खासगीवाले ४० वर्षं भरतात, मग यांचे लाड का?

२४ नोव्हेंबरला रेल्वे थांबली. मग मेट्रो, टपाल, शाळा, वीज कंपनी. कामगार संघटनांतही एकमत नव्हतं. आरोग्य विम्यातल्या बदलांना पाठिंबा देणाऱ्या निकोल नोता यांची त्यांच्याच संघटनेच्या लोकांनी मोर्चात हुर्यो उडवली. पॅरिस तीन आठवडे जवळजवळ ठप्प होतं. थंडीत लोक तासन् तास चालत, सायकली काढत, अनोळखी गाड्यांना हात करत कामावर जात होते. सेन नदीतल्या पर्यटकांच्या बोटीही प्रवाशांसाठी लावल्या होत्या.

हे हाल मुख्यतः खासगी नोकरदारांचे होत होते. ते चिडतील आणि संप मोडेल, असा सरकारचा अंदाज असावा. पण जनमत चाचण्यांत लोकांची सहानुभूती संपाकडेच राहिली. नोकरी जाण्याच्या भीतीने ज्यांना स्वतः संप करणं परवडत नव्हतं, त्यांना वाटत होतं की रेल्वेवाले आपल्याही वतीने उभे आहेत. फ्रेंचांनी याला ‘प्रॉक्सीने केलेला संप’ असं नाव दिलं. कॉलेजात आपण मित्राची प्रॉक्सी मारायचो, तसंच हे. आपण हजर नसलो, तरी आपल्या नावाला कुणीतरी ‘येस सर’ म्हणतंय.

१२ डिसेंबरला सरकारी आकड्यानुसारही सुमारे दहा लाख लोक रस्त्यावर होते. संघटनांचा आकडा त्याच्या दुप्पट होता. तीन दिवसांनी ज्युपेंनी पेन्शनचा भाग मागे घेतला. आरोग्य विम्याचे बदल मात्र झालेच.

विजय फार टिकला नाही. २००३मध्ये सरकारी नोकरांना ४० वर्षं लागली, २००८मध्ये रेल्वे-मेट्रोवाल्यांना. २०१०मध्ये निवृत्तीचं वय ६० वरून ६२ झालं. दर वेळी मोर्चे निघाले, दर वेळी कायदा झाला. आधी एकाचं कमी करायचं, मग त्याच्याकडे बोट दाखवून दुसऱ्याला विचारायचं, ‘तुलाच जास्त का?’

वाचता वाचता एक तारीख सापडली. ज्युपेंच्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी, १६ नोव्हेंबर १९९५ला, भारतात खासगी नोकरदारांची पेन्शन योजना लागू झाली : ईपीएस-९५. ‘आम्हाला कुठे आहे पेन्शन’चं अर्धंमुर्धं उत्तर. पहिल्या नोकरीत माझा मूळ पगार १५ हजारांच्या आत होता, म्हणून मी तिचा सभासद आहे. पेन्शन मोजताना पगार १५ हजारांपर्यंतच धरतात. ही मर्यादा तशीच राहिली, तर ३५ वर्षं नोकरी करून मला महिन्याला साडेसात ते आठ हजार मिळतील. त्यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन आहे १,००० रुपये. ती ७,५०० करा म्हणून याच योजनेतले म्हातारे बुलढाण्यात २०१८पासून साखळी उपोषणाला बसले. आमच्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल एकही मेसेज कधी आला नाही.

मावशीचा संप २० मार्चला मिटला. त्या रात्री मी तिला फोन केला. बोलता बोलता तिने विचारलं, ‘तुझं काय रे, तुला किती मिळणार?’ मी आकडा सांगितला.

‘एवढ्यात काय होतंय?’ ती म्हणाली. ‘मग तुम्ही लोक का नाही निघत मोर्चाला?’

फोन ठेवल्यावर ग्रुप उघडला आणि तो अंगठा काढून टाकला.