रिकाम्या जागांनंतरचें वर्ष

विजेत्यांची यादी वाचतांना आपली दृष्टि नांवांवर खिळते. रिकाम्या जागांकडे ती सहसा जात नाहीं. ऑलिंपिक सामन्यांच्या इतिहासांत १९४० व १९४४ या दोन वर्षांपुढें एकाहि विजेत्याचें नांव नाहीं. महायुद्धानें ते सामने होऊंच दिले नाहींत. म्हणून १९४८ सालचा विचार करतांना कोणीं काय जिंकलें एवढेंच पाहून भागत नाहीं. मधल्या बारा वर्षांत काय गमावलें गेलें, हेंहि लक्षांत घ्यावें लागतें.

२९ जुलै १९४८ रोजीं लंडनच्या वेंब्ले क्रीडांगणावर सामन्यांचा प्रारंभ झाला. ५९ राष्ट्रें आलीं. जर्मनी व जपान यांना निमंत्रण नव्हतें. युद्धानें पोळलेल्या त्या नगरींत खेळाडूंसाठीं नवें वसतिस्थान उभारणें शक्य नव्हतें. पुरुषांची सोय लष्करी छावण्यांत, तर स्त्रियांची महाविद्यालयांत करण्यांत आली. अन्नाचें रेशनिंग चालूंच होतें. गोदी-कामगारांना व खाणकामगारांना मिळे, तेवढा जादा शिधा खेळाडूंना मिळाला.

या सामन्यांच्या नायिका म्हणजे हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन. १९३६ सालीं बर्लिनच्या सामन्यांत उतरल्या, तेव्हां बाई अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. पुढचीं ऐन उमेदीचीं वर्षें जर्मन अंमलाखालील मायदेशीं गेलीं. लंडनला आल्या त्या तीस वर्षांच्या आणि दोन मुलांच्या माता होऊन. आतां यांनीं घरच पाहावें, असें म्हणणारे पुष्कळ होते. बाईंनीं वाद घातला नाहीं. १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळ्यांची शर्यत आणि चौघींची रिले, अशीं चार सुवर्णपदकें त्यांनीं मिळविलीं.

आपल्या देशानें मात्र केवळ वर्षेंच गमावलीं नव्हतीं. फाळणीनें हॉकीचा संघहि दुभंगला होता. बर्लिनच्या विजयी भारतीय संघांतील अली दारा लंडनला आले ते पाकिस्तानचे कर्णधार म्हणून. १९२८ ते १९३६ या काळांत भारतानें तीन वेळां सुवर्णपदक जिंकलें, पण त्या तिन्ही वेळां ब्रिटन हॉकीच्या मैदानांत उतरलेंच नव्हतें. १२ ऑगस्ट १९४८ रोजीं अखेर ती गांठ पडली. स्वातंत्र्याला वर्ष पुरें व्हावयास तीन दिवस उणे होते. किशनलाल यांच्या संघानें ब्रिटनवर चार विरुद्ध शून्य असा विजय मिळविला. त्यांतील दोन गोल बलबीरसिंग यांचे. काल ज्यांचें राज्य होतें, त्यांच्याच राजधानींत आपला ध्वज चढला.

सर्वांनाच असें दान पडलें नाहीं. दोनच दिवसांनीं, त्याच लंडनच्या ओव्हल मैदानावर, डॉन ब्रॅडमन आपल्या अखेरच्या कसोटींत खेळावयास उतरले. शंभराची सरासरी पुरी होण्यास चार धावा हव्या होत्या. होलीस यांच्या दुसऱ्याच चेंडूवर ते शून्यावर त्रिफळाबाद झाले आणि सरासरी ९९.९४ वर थांबली. जगाला त्या चार धावांची हळहळ वाटते. १९३८ ते १९४६ या आठ वर्षांत एकहि कसोटी त्यांना खेळतां आली नाहीं, याची आठवण क्वचितच निघते.

आणखी एक नांव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें लंडनला गेले. अंग मातींत घडलेलें, कुस्ती मात्र गादीवरची. तरीहि ते सहावे आले. सहाव्याला पदक नसतें. परंतु लंडनला जें उणें पडलें, तें ओळखून ते तयारीस लागले आणि १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक घेऊन उभे राहिले. स्वतंत्र भारताचें वैयक्तिक स्पर्धेंतील तें पहिलें पदक होय.

गेलेलीं वर्षें कोणालाहि परत मिळालीं नाहींत. ब्लँकर्स-कोएन बाईंनाहि नाहींत. १९४८ सालानें त्यांना दिली ती पुन्हा उतरण्याची जागा. शांततेचा खरा अर्थ कदाचित् एवढाच असेल कीं, माणसाला आपलें सामर्थ्य आजमावतां यावें, आणि हरला तर पुढच्या खेपेची वाट पाहतां यावी.