मातीचा रक्षक

मनुष्य निराधार झाला म्हणजे त्याची कल्पनाच त्याच्यासाठी रक्षक निर्माण करते. प्राग नगरीतील ज्यू वस्तीत अशीच एक आख्यायिका रूढ झाली. तेथील धर्मगुरू लोव्ह हे मोठे पंडित. १६०९ साली ते निवर्तले. त्यांनी मातीचा महाकाय पुरुष घडवून पवित्र शब्दाच्या बळावर तो सजीव केला, असे पुढे लोक सांगू लागले. तोच गोलेम होय.

या आख्यायिकेवर जर्मन नट पाउल वेगेनर याने काढलेला मूकपट २९ ऑक्टोबर १९२० रोजी बर्लिन येथे प्रथम झळकला. गोलेमची भूमिका त्याने स्वतःच केली. वास्तुविशारद हान्स पोल्त्सिग याने उभारलेली वाकडीतिकडी घरे व कार्ल फ्रॉइंड याने टिपलेला छायाप्रकाश पाहून प्रेक्षकाचे मन धास्तावते. सृष्टी जशी आहे तशी न दाखविता भयग्रस्त मनाला ती जशी भासते तशी दाखवावी, हे या अभिव्यक्तिवादी कलेचे सूत्र होते.

कथेचा आरंभ होतो तो ज्यूंनी नगर सोडून जावे या सम्राटाच्या फर्मानाने. दरबाराचे कोसळणारे छत गोलेम तोलून धरतो आणि फर्मान मागे घेतले जाते. पुढे धर्मगुरूचा मत्सरी शिष्य त्याला स्वार्थासाठी जागा करतो, तेव्हा हाच रक्षक वस्तीत आग लावतो. अखेर एक अजाण बालिका त्याच्या छातीवरील तारा सहज काढून घेते आणि तो निष्प्राण होऊन पडतो.

ते फर्मान केवळ कविकल्पना नव्हते. १७४४ साली राणी मारिया थेरेसा हिने प्रागच्या ज्यूंना खरोखरच हद्दपारीची आज्ञा दिली होती. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तारूढ झाला, तेव्हा तर कोणताही गोलेम धावून आला नाही. ज्यांना साधले त्यांनी देशत्याग केला. त्यांपैकी काही मुंबईस आले: प्रागमध्ये शिकलेला संगीतज्ञ वाल्टर काउफमान १९३४ साली, आणि प्रागचाच चित्रपटकथालेखक विली हास १९३९ साली. काउफमान पुढे मुंबई नभोवाणीवर काम करू लागला. इंदापूर तालुक्यातील अंथुर्ण्यापासून थेट मुंबईपर्यंत घरोघरी ऐकलेल्या आकाशवाणीच्या प्रारंभीच्या धुनीचे श्रेय त्यालाच दिले जाते.

ज्या प्रांतात बेने इस्राएल समाज मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत शतकानुशतके निर्धास्त नांदला, तेथेच या निर्वासितांना थारा मिळाला. प्रागच्या वस्तीने मातीच्या पुरुषाकडे जे मागितले, ते अखेर माणसांच्या शेजारानेच दिले.