बोनस कुणाचा?

मागच्या दिवाळीत बोनस आला नाही, म्हणून ऑफर लेटर पुन्हा उघडलं. त्यात 'डिस्क्रिशनरी' असा शब्द होता. म्हणजे बोनस द्यायचा की नाही, ही कंपनीची मर्जी. आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. लालबागला घरी हे वाचून दाखवलं तर आजी म्हणाली, "मर्जीने देतात ती बक्षिसी. बोनस म्हणजे आपलेच पैसे."

इंग्रजी शब्दकोश मात्र कंपनीच्या बाजूने आहे. लॅटिनमध्ये 'बोनस' हे विशेषण, अर्थ 'चांगला'. अठराव्या शतकात लंडनच्या शेअर बाजारातल्या लोकांनी ते उचललं आणि जास्तीच्या रकमेला लावलं. 'चांगली गोष्ट' म्हणायचं तर लॅटिनमध्ये 'बोनम' हवं होतं. पण दलालांना व्याकरणाशी काय देणंघेणं! तर हा शब्द मुळात शेअर बाजारातला. पगाराच्या वर खुशीने दिलेली रक्कम हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

गिरणगावात तो आला पहिल्या महायुद्धात. कापडाला प्रचंड मागणी होती, मालकांचा नफा फुगला, आणि धान्य महागल्याने चाळीतल्या चुली विझायची वेळ आली. तेव्हा मालकांनी आधी महागाईपोटी वाढ दिली आणि मग नफ्यातून वर्षाला साधारण एका महिन्याच्या पगाराइतका बोनस द्यायला सुरुवात केली. काही वर्षं तो मिळाला. कामगार त्या भरवशावर कर्ज काढू लागले, गावी मनिऑर्डरी धाडू लागले. १९२३ मध्ये मालकांनी सांगितलं, नफा घटला, यंदा बोनस नाही.

जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ मागत नव्हते, फक्त बोनस. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढचा प्रश्न खरं तर शब्दार्थाचाच होता: बोनस ही देणगी की देणं? समितीने निकाल दिला की रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी, कशाच्याही आधारे कामगारांचा यावर हक्क पोचत नाही. दोनेक महिन्यांनी संप मोडला. माझ्या ऑफर लेटरातला तो शब्द मला इथलाच वाटतो.

पण कामगारांनी अर्थ सोडला नाही. १९५० मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्याच एका खटल्यात श्रम अपील न्यायाधिकरणाने मान्य केलं की बोनसला आता मालकाची मेहेरबानी म्हणता येणार नाही. नफ्यातून घसारा, यंत्रांची दुरुस्ती, कर, भांडवलावरचा परतावा वजा करायचा. उरलेल्या रकमेत कामगाराचा वाटा. मग १९६५चा बोनस कायदा आला. त्यात किमान बोनस चार टक्के होता, तो पुढे ८.३३ टक्के झाला. हा विचित्र आकडा कुठून आला? शंभर भागिले बारा. म्हणजे वर्षातला एक महिना, १९२४ साली नाकारलेला तोच. आणि तोटा झाला तरी द्यायचा. आणीबाणीत तो पुन्हा चारवर आणला गेला, १९७७ मध्ये परत ८.३३ झाला.

१९८१च्या दिवाळीत मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाने केलेला बोनसचा करार अनेक गिरण्यांतल्या कामगारांना पटला नाही. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलमधले कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे घाटकोपरला गेले. पुढे मागण्या वाढल्या: पगार, बदली कामगारांना कायम करणं, एकाच संघटनेला मान्यता देणारा कायदा बदलणं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबांच्या शेवटच्या बोनसमधून घेतलेली स्टीलची पिंपं अजून घरात आहेत. आजी त्यांत तांदूळ ठेवते.

आणि माझा बोनस? १९६५च्या कायद्याला पगाराची मर्यादा होती. २०१५च्या दुरुस्तीने ती महिना २१,००० रुपयांवर नेली. माझा पगार त्याहून जास्त, म्हणून तो कायदा मला लागू नव्हता. आजीला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पण तुमच्यात युनियन कुठली?"

मी म्हटलं, एचआर आहे.