खोगिरावरचे राज्य : भाम ते गाविलगड

भटक्या घोडेस्वारांचे साम्राज्य म्हटले की मंगोलियाचे गवताळ माळ, चंगीझखान आणि अद्भुत कादंबऱ्यांतील काल्पनिक टोळ्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. वऱ्हाडातील वाचकाला मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यातील भाम, अकोला जिल्ह्यातील अडगाव आणि अमरावती जिल्ह्यातील गाविलगड ही तीन ठिकाणे अशाच एका घोडदौडी राज्याच्या उदयास्ताच्या खुणा आहेत. ते राज्य म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे.

भोसले जन्माने भटके नव्हते. त्यांचे मूळ घराणे हिंगणीकरांचे, गावाशी आणि वतनाशी बांधलेले. भटके होते ते त्यांचे राज्य, आणि ते तसे का झाले याचे उत्तर महसुलाच्या हिशेबात सापडते.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून परतले, तेव्हा त्यांना प्रथम येऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी भोसले होते. त्यांना ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब मिळाला. त्यांचा मुलगा कान्होजी भाम येथे ठाणे करून राहिला. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणल्या. त्या सहांत वऱ्हाड होते. पण पाचच वर्षांनी, ऑक्टोबर १७२४ मध्ये, बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याजवळ निजामाने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनवर आपला अंमल बसवला. परिणामी वऱ्हाडचा धनी निजाम आणि त्याच वऱ्हाडातील वाट्याचा हक्कदार भोसला, अशी व्यवस्था उभी राहिली. तिला लोक दोअमली म्हणत.

ही दोअमली समजल्याखेरीज पुढचे काहीच समजत नाही. चौथाई म्हणजे दुसऱ्याच्या वसुलीतील चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी दहा टक्के. जमीन आपली नाही, तिच्यावरचा हक्क मात्र आपला! असा हक्क कागदावर टिकत नाही. तो दरवर्षी घोड्यावर बसून जाऊन वसूल करावा लागतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, पिके उभी असताना मुलूखगिरीला निघायचे आणि पावसाच्या आत परतायचे, हे त्या राज्याचे वर्षचक्र होते. मंगोल घोड्याला स्टेपचे मोकळे गवत होते. भोसल्यांचा घोडा कोणाच्या तरी शेतातली वैरण खात होता, आणि पाटलाच्या ओसरीवर एका हंगामात दोन धन्यांचे कारकून बसत होते. मराठ्यांच्या पराक्रमाच्या कथांत या कुणब्याला फारशी जागा मिळालेली नाही, ही खंत येथे नोंदवायलाच हवी.

कान्होजीशी शाहू महाराजांचे बिनसले. त्याला आवरण्यासाठी त्याचाच पुतण्या रघूजी पाठवला गेला. रघूजीने त्याला पकडले आणि सेनासाहेबसुभा हे पद स्वतःकडे घेतले. रघूजी हा विलक्षण वेगाचा माणूस होता. मे १७४० मध्ये त्याच्या फौजेने कर्नाटकात दोस्त अलीखानाचा पराभव केला, दोस्त अली लढाईत मारला गेला. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन त्याने चंदासाहेबाला कैद केले. पुढच्याच वर्षी त्याची फौज बंगालमध्ये होती.

नागपूरपासून भागीरथीकाठचे काटवा सरळ रेषेत साडेनऊशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. १७४२ च्या वसंतात भास्करराम कोल्हटकर तेथवर पोहोचला. अलीवर्दीखानाला बर्दवानजवळ कोंडल्यावर मे महिन्यात एक तुकडी थेट मुर्शिदाबादेत शिरली आणि तिने जगतशेठांची पेढी लुटली. या फौजेत शिलेदार असत आणि बारगीर असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला घोडा आणि हत्यार सरदार देई. या बारगीर शब्दाचाच बंगालीत ‘बर्गी’ झाला. आजही बंगालमध्ये लहान मुलांना झोपवताना बर्गींचा धाक घातला जातो. त्याच वर्षी कलकत्त्याच्या इंग्रजांनी भीतीने ‘मराठा खंदक’ खणायला घेतला. गंगाराम या बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त पळणाऱ्या, लुटल्या गेलेल्या खेड्यांचे चित्र आहे. शौर्य सांगायचे तर हेही त्याच श्वासात सांगावे लागते.

भास्कररामाला पावसाआधी परतायचे होते. मीर हबीबने त्याला थांबवले, आणि वर्षचक्र मोडले. पावसाळाभर फौज काटव्याला पडून राहिली. सप्टेंबरअखेर दुर्गापूजेचा उत्सव चालू असताना अलीवर्दीने नदी ओलांडून पहाटे छापा घातला आणि मराठ्यांना पळावे लागले. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे वाटाघाटीच्या तंबूत बोलावून भास्कररामाची वीसहून अधिक सरदारांसह कत्तल करण्यात आली. तरीही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. शेवटी १७५१ च्या तहात अलीवर्दीने वार्षिक बारा लाख रुपये चौथाई मान्य केली आणि ओडिशा भोसल्यांच्या हाती आला.

येथून या राज्याचा स्वभाव पालटला. प्रांत आला म्हणजे ठाणी, किल्ले, कायमची पायदळे आणि तोफा आल्या. रघूजी १७५५ मध्ये वारला. पुढे वारसांच्या भांडणांत आणि पुणे दरबाराशी झालेल्या संघर्षांत ही दौड मंदावत गेली.

दुसऱ्या रघूजीच्या काळात, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, शिंदे-भोसल्यांची फौज अडगावला तोफांची फळी मांडून उभी राहिली. भोसल्यांचे सैन्य रघूजीचा भाऊ व्यंकोजी याच्या हाताखाली होते. समोर आर्थर वेलस्ली होता. आरंभीच्या तोफमाऱ्यात त्याच्या तीन पलटणी उधळल्या, त्याने त्या सावरल्या. दुपार कलल्यावर लढाई जुंपली, आणि पाठलाग चांदण्यात चालला. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. घोड्यावरून निसटून जाता आले असते, पण तोफा घेऊन निसटता येत नाही.

मग गाविलगड. चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक ज्या दऱ्या पाहून थबकतात, त्याच डोंगरांतून स्टीव्हन्सनने जड तोफा ओढत उत्तर बाजूस नेल्या. १५ डिसेंबरला तट फुटला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावला तह झाला. कटक प्रांत इंग्रजांकडे गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो पुढे निजामाला मिळाला. गाविलगड आणि नरनाळा एवढे दोन किल्ले भोसल्यांकडे राहिले, तेही १८२२ पर्यंतच.

वऱ्हाडची दोअमली अशी संपली, पण कुणब्याला उसंत मिळाली नाही. १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ त्याच्या दारात उभा होता. मोडलेल्या फौजांतील कित्येक बेकार स्वार पेंढाऱ्यांत जाऊन मिळाले. एकेकाळी काटव्यापर्यंत धाक बसवणाऱ्या भोसल्यांच्या राजधानीवरच १८११ मध्ये पेंढारी चालून आले आणि नागपूरची उपनगरे जाळून निघून गेले.