व्हाइटफील्डची जुनी घरे आणि चुन्याची डागडुजी

बंगळूरच्या पूर्वेचे व्हाइटफील्ड आज संगणक-उद्योगासाठी ओळखले जाते आणि आपल्यापैकी अनेक कुटुंबे त्याच निमित्ताने येथे आली. परंतु या गावाचा जन्म १८८२ सालचा. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडेयर यांनी डी. एस. व्हाइट यांच्या अँग्लो-इंडियन संघटनेस सुमारे ३,९०० एकर जमीन दिली व शेतीवर स्वावलंबी होऊ पाहणाऱ्या कुटुंबांची वसाहत येथे वसली. ‘इनर सर्कल’ या वर्तुळाकार रस्त्याभोवती कौलारू बंगले उभे राहिले. त्यांतील मोजकेच आता उरले आहेत.

त्या काळी पक्क्या बांधकामात विटा जोडीत त्या चुन्याने. आपल्याकडे सिमेंटचा धंदा स्थिरावला तो १९१४ साली पोरबंदरचा कारखाना सुरू झाल्यानंतर. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून, त्यात वाळू किंवा सुरखी घालून घाणीत मळतात. भिंतीत बसलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश दगडाचे रूप घेतो. आपल्या किल्ल्यांवर आढळणाऱ्या दगडी घाणी याच विद्येची साक्ष देतात.

अशा भिंतीचा गिलावा सुटू लागला की आज सर्रास सिमेंट थापले जाते. येथेच घात होतो. चुन्यातून भिंतीतील ओल बाहेर पडते. सिमेंटचा कठीण थर ती कोंडून धरतो. मग लोणा विटांतच साचतो, विटांचा भुगा होतो आणि वरचा थर मात्र शाबूत दिसतो.

योग्य क्रम असा : आधी कौले व पन्हळी तपासून ओलीचे मूळ शोधावे. दरजांतील भुसभुशीत माल हातानेच खरवडावा. सांधे भिजवून, विटेपेक्षा मऊ असा चुन्याचा माल भरावा, गिलावा पातळ थरांत द्यावा आणि काही दिवस ओली गोणपाटे लावून ठेवावीत. यास वेळ लागतो, जाणता गवंडी लागतो.

आपल्यापैकी कित्येकांची वडिलोपार्जित घरे गावाकडे अशीच चुन्याच्या भिंतींची आहेत. आपण दूर राहून पैसे पाठवितो आणि दुरुस्ती दुसऱ्यावर सोपवितो. पैशांबरोबर ‘सिमेंट नको, चुना वापरा’ एवढा निरोपही धाडावा, अशी आमची विनंती आहे. पुढच्या पिढीला परतून पाहावयास ते घर उभे राहील.