दोरी, दार आणि गुडघा

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त १६५० साली वारला. त्यानंतर चौदा वर्षांनी त्याचं एक पुस्तक फ्रेंचमध्ये छापून आलं. त्यातलं एक चित्र वेदनेच्या इतिहासात कायमचं जाऊन बसलंय. एक मुलगा शेकोटीजवळ आहे, त्याच्या पायाला धग लागतेय आणि पायापासून एक बारीक धागा अंगातून वर थेट मेंदूपर्यंत गेलाय. देकार्तचं म्हणणं असं की, दोरीचं एक टोक ओढलं की दुसऱ्या टोकाची घंटा वाजते, तसंच वेदनेचं.

सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या माणसाला हे चित्र लगेच आवडतं. सेन्सर, वायर, अलार्म. जेवढा बिघाड तेवढा आवाज. गेल्या वर्षी आईचा उजवा गुडघा बदलला तेव्हा तिच्याही डोक्यात हाच हिशोब होता. फिजिओथेरपिस्ट गुडघा वाकवायला सांगायचे आणि ती पाय आखडून घ्यायची. "एवढं दुखतंय म्हणजे आत टाके उसवतायत," असं तिचं म्हणणं. गोळ्या चालू होत्याच. त्या भीतीवर मात्र गोळी नव्हती. गोळ्यांच्या जोडीला आजवर माणसांनी काय काय करून पाहिलंय, हे मी तेव्हा शोधायला लागलो.

देकार्तच्या दोरीला मोठा झटका बसला तो युद्धात. १९४४ साली इटलीत अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर हा अमेरिकन भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांवर उपचार करत होता. भयंकर जखमा झालेले कितीतरी सैनिक वेदनाशामक नको म्हणत होते. पुढे १९५६ साली त्याने त्यांची तुलना ऑपरेशन झालेल्या सामान्य नागरिकांशी केली. सैनिकांपैकी ३२ टक्क्यांनी औषध मागितलं होतं, नागरिकांपैकी ८३ टक्क्यांनी. बीचरचा तर्क असा होता की सैनिकासाठी जखम म्हणजे आघाडीवरून सुटका, तर नागरिकासाठी ऑपरेशन म्हणजे कोसळलेलं संकट. जखमेच्या आकारावरून वेदना मोजता येत नव्हती.

हे घडतं कसं, याचं एक उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स'मध्ये मांडलं. मज्जारज्जूत जणू एक दार आहे, असं ते म्हणाले. वेदनेचे संदेश त्या दारातून वर जातात. स्पर्शाचे संदेश ते दार थोडं लोटू शकतात आणि मेंदूही वरून ते उघडू-मिटू शकतो. कोपर दाराला आपटलं की आपण ते आपोआप चोळतो, त्यामागचं शास्त्र हेच. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे बरेच बदल झाले, पण वेदना ही एकेरी वाहतूक नाही, ही मूळ गोष्ट टिकली.

दाराची कल्पना आल्यावर ते यंत्राने लोटायचे प्रयत्न सुरू झाले. १९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी विजेचे सौम्य झटके देऊन वेदना तात्पुरती थांबवता येते, असं दाखवलं. त्यातूनच पुढे त्वचेला पॅड चिकटवून वापरायची 'टेन्स' यंत्रं आली. आज ती फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत सर्रास दिसतात. वीज वापरायची कल्पना मात्र जुनी. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस वातरक्ताच्या रोग्याला पायाखाली जिवंत विद्युत-मासा धरायला सांगायचा, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर!

बर्फाचीही अशीच गोष्ट. १८०७ साली आयलाऊच्या लढाईत कडाक्याची थंडी होती. गोठलेले अवयव कापताना सैनिकांना कमी दुखतंय, हे नेपोलियनचा शल्यविशारद लारे याच्या लक्षात आलं होतं.

मला सगळ्यात मोहात पाडलं ते टोरोंटोच्या यंत्राने. इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नलीने १९६२ साली पॉलिथिलीनची वाटी वापरून आधुनिक कृत्रिम खुबा बसवला. त्या काळात सांधा बदलल्यावर रोग्याला बराच काळ अंथरुणातच ठेवत. टोरोंटोचे बालशल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर नेमकं उलटं म्हणत होते: सांध्याला विश्रांती नको, सतत हालचाल हवी. सशांवर प्रयोग करून त्यांनी दाखवलं की सांधा हलता ठेवला तर कूर्चा जास्त चांगली भरून येते. मग जॉन सॅरिंजर या अभियंत्याच्या मदतीने माणसांसाठी यंत्र तयार झालं. पाय त्यात ठेवायचा, मोटर तो हळूहळू वाकवते आणि सरळ करते. रोग्याने काही करायचं नाही. गुडघा बदललेल्या रोग्यांच्या खाटांवर ही यंत्रं पोचली.

पण चाचण्यांचे निकाल निराश करणारे होते. २०१४ च्या कोक्रेन आढाव्याने सांगितलं की, गुडघेबदलानंतर या यंत्रामुळे वेदनेत, वाकण्यात किंवा चालण्या-फिरण्यात रोग्याला जाणवेल असा फरक पडत नाही. माझ्यातला इंजिनियर इथे थबकला. सॉल्टरचं यंत्र कूर्चा भरून यावी म्हणून जन्मलं होतं. गुडघेबदलात तर कूर्चा काढूनच टाकतात! एका प्रश्नाचं देखणं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवलं गेलं होतं.

२०१७ साली 'जामा सर्जरी'त या सगळ्या उपायांचा एकत्र हिशोब आला. गुडघेबदलानंतरच्या ३९ चाचण्या, २३९१ रुग्ण. विद्युत उपचार आणि ॲक्युपंक्चर यांनी अफूजन्य औषधांची गरज कमी होते किंवा लांबते, याला मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. बर्फाच्या बाजूचा पुरावा फारच कच्चा निघाला. हालचालीचं यंत्र आणि ऑपरेशनआधीचा व्यायाम यांचा वेदनेवर फायदा दिसला नाही. अमेरिकेत हा हिशोब तातडीचा होता, कारण तिथे अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनाने हाहाकार माजवला होता. आपल्याकडे अडचण उलटी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने मॉर्फिन गरजू रुग्णांपर्यंतही पोचेना. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तिकडे गोळ्यांचा पूर, इकडे 'जरा सोसा हो.'

या शोधात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रयोग मात्र सांध्याचा नाहीच, पोटाच्या ऑपरेशनचा आहे. १९६४, बॉस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल. लॉरेन्स एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला भूलतज्ज्ञाने आदल्या रात्री भेटून सगळं सांगितलं: कुठे दुखेल, किती दुखेल, किती वेळ दुखेल, स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं, आणि नाहीच सोसलं तर औषध मागायचं. दुसऱ्या गटाला यातलं काही सांगितलं नाही. कोण कुठल्या गटात आहे, हे शल्यविशारदांना माहीत नव्हतं. ज्यांच्याशी बोलणं झालं, त्यांना वेदनाशामक जवळपास निम्मं लागलं आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले.

म्हणजे समजावून सांगितलं की झालं? नाही. खुबा आणि गुडघा बदलणाऱ्यांना ऑपरेशनआधी दिलेल्या माहितीचा २०१४ सालीच आणखी एक कोक्रेन आढावा झाला. नेहमीच्या देखभालीपेक्षा त्याने फारसा जादा फायदा होतो असं दिसलं नाही. पण 'नेहमीची देखभाल' या शब्दांपाशी मी अडखळतो. जिथे नेहमीच्या देखभालीतच नर्स आणि फिजिओथेरपिस्ट येऊन बोलून जातात, तिथे जादा माहितीपत्रकाने काय फरक पडणार? आईला ऑपरेशनआधी मिळालेली माहिती म्हणजे "दुखणारच" हा एक शब्द आणि सही करायचे चार कागद.

डेन्मार्कमध्ये हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकापासून जी पद्धत उभी केली, तिच्यात कुठलंच एक जादूचं यंत्र नाही. वेगवेगळ्या प्रकारची औषधं थोडी थोडी, आधी नीट माहिती, आणि जमल्यास ऑपरेशनच्याच दिवशी रोग्याला उभं करून चालवणं. औषध विरुद्ध बिनऔषध असं भांडण तिथे नाही. वेदना ताब्यात असेल तरच माणूस चालतो, आणि चालताना आपण मोडत नाही हे त्याला स्वतःला कळतं.

तुमच्या घरी कुणाचा सांधा बदलायचा असेल, तर इम्प्लांट कुठल्या कंपनीचं हे विचारण्याइतक्याच आग्रहाने आणखी काही विचारा. दुखणं कुठे आणि किती दिवस अपेक्षित आहे? कुठलं दुखणं नेहमीचं आणि कुठलं धोक्याचं? पोटरी अचानक सुजली, ताप आला, जखम वाहायला लागली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर फोन कुणाला करायचा? गोळी दुखण्याच्या आधी घ्यायची की नंतर? आणि ही उत्तरं तुम्ही ऐकून उपयोग नाही. ज्याचा गुडघा आहे, त्याने ती आदल्या संध्याकाळीच ऐकायला हवीत.